एक चार्जर, चार बॅटऱ्या: मल्टि-बँक स्मार्ट चार्जर शेतावर वापरताना

खानापूर असो, हुक्केरी असो की निपाणी, शेती असलेल्या घरात आज किती बॅटऱ्या आहेत ते एकदा मोजून बघा. ट्रॅक्टरची, मोटरसायकलची, फवारणी पंपाच्या पोटातली, गवे आणि डुकरं येऊ नयेत म्हणून बांधावर बसवलेल्या झटका मशीनची, शिवाय घरातल्या इन्व्हर्टरची. प्रत्येकीचा हंगाम वेगळा. झटका मशीन भात पोटरीला आल्यापासून मळणीपर्यंत रात्ररात्र चालतं. ट्रॅक्टर ऊस ओढायला लागला की त्याला उसंत नसते, पण भर पावसात तोच आठवडेच्या आठवडे छपराखाली उभा असतो. फवारणी पंप तर काम झालं की कोपऱ्यात जातो आणि पुढच्या फवारणीलाच आठवतो.

बॅटरी राबून जितकी मरते, त्यापेक्षा जास्त अशी उभी राहून मरते. लेड-अॅसिड बॅटरी वापरली नाही तरी आतल्या आत उतरत राहते. उतरली की प्लेटांवर लेड सल्फेट धरतं. लगेच चार्ज केली तर ते विरघळतं. तशीच महिना-दोन महिने पडून राहिली तर त्याचे कडक खडे होतात आणि मग प्लेटचा तेवढा भाग कामातून गेला. दुकानात नेली की पोरगा मीटर लावून सांगतो, "काका, ही आता धरत नाही, नवीच घ्या." तो खोटं बोलत नसतो.

यावर मल्टि-बँक स्मार्ट चार्जर हा खरोखर चांगला उपाय आहे. एकाच डब्यातून दोन, तीन किंवा चार आउटपुट निघतात, प्रत्येक आउटपुटला एक बॅटरी. अशा एका आउटपुटलाच बँक म्हणतात. परदेशात हे चार्जर मुळात मासेमारीच्या लहान बोटींसाठी रूढ झाले, कारण तिथे इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी आणि छोटी मोटर चालवणाऱ्या बॅटऱ्या वेगळ्या असतात. आपल्याकडे ती गरज गोठ्यात आणि छपरात आहे. नवख्या माणसाने या यंत्राबद्दल एक गोष्ट पक्की समजून घ्यावी: ते कधी थांबतं आणि कशाला नकार देतं. भरायचं काम साधा चार्जरही करतो.

आधी जुनी पद्धत कुठे चुकते ते बघू

बॅटरीच्या दुकानात सात-आठ बॅटऱ्या एकीला एक जोडून रांगेत चार्जिंगला लावलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या रांगेतून सगळ्यांना सारखाच करंट जातो. लहान बॅटरी आधी भरते, पण मोठीचं पोट भरेपर्यंत लहानीतूनही तोच करंट वाहत राहतो. तिचं पाणी उकळतं, प्लेटा तापतात. दुकानदार जाणता असेल तर वेळेवर ती काढून घेतो. घरी तेवढं लक्ष कोण ठेवणार?

घरी बरेच जण उलटं करतात. एका चार्जरला दोन बॅटऱ्या लाल-लाल, काळा-काळा अशा एकत्र जोडतात. मग चार्जरला दोन्हींचा मिळून एकच व्होल्टेज दिसतो. एक बॅटरी जुनी, कमकुवत असली तर ती चांगलीलाही खाली ओढते आणि चार्जरला कुणाचं काय चाललंय ते कळत नाही.

मल्टि-बँक चार्जरमध्ये प्रत्येक आउटपुटची सर्किट वेगळी, मोजणारी चिप वेगळी, दिवे वेगळे. ट्रॅक्टरची बॅटरी अर्ध्यावर आणि पंपाची भरत आलेली असली तरी दोघींना आपापल्या गरजेइतकंच मिळतं. एका बँकेला बिघाड दिसला तर तेवढी बँक बंद पडते, बाकीच्या चालू राहतात.

चार्जर बॅटरीवर लक्ष ठेवतो म्हणजे काय करतो

क्लिप लावल्या की चांगला चार्जर लगेच करंट सोडत नाही. आधी तो पलीकडे बॅटरी आहे का, लाल-काळं बरोबर आहे का, व्होल्टेज किती आहे हे बघतो. उलटं जोडलं असेल तर इशारा देतो आणि गप्प राहतो. दोन क्लिपा एकमेकांना लागल्या तरी ठिणगी पडत नाही, कारण बॅटरी सापडेपर्यंत क्लिपांवर वीजच नसते. व्होल्टेज फारच खाली असेल तर बरेच चार्जर बॅटरी ओळखतच नाहीत, किंवा आधी अगदी बारीक करंट देऊन ती जागी होते का ते बघतात.

त्यानंतर पहिला टप्पा. बँकेची ताकद असेल तेवढा पूर्ण करंट जातो आणि व्होल्टेज हळूहळू चढत जातो. तो साधारण १४.४ व्होल्टच्या आसपास पोचला की दुसरा टप्पा सुरू होतो: व्होल्टेज तिथेच धरून ठेवायचा आणि करंट आपोआप उतरू द्यायचा. कळशी काठापर्यंत आली की आपण नळ बारीक करतो, तसंच हे. करंट बॅटरीच्या क्षमतेच्या एक-दोन टक्क्यांवर आला, म्हणजे १०० एएचच्या (अॅम्पिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरीत अॅम्पिअर-दोन अॅम्पिअरवर, की चार्जर समजतो, भरली.

इथे साधा चार्जर आणि हुशार चार्जर यांचा रस्ता वेगळा होतो. साधा १४ च्या वरचा व्होल्टेज तसाच चालू ठेवतो. या पातळीला पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतो, म्हणून अशी रात्र-रात्र लावून ठेवलेली बॅटरी हळूहळू कोरडी पडत जाते. स्मार्ट चार्जर १३.५ च्या जवळपास उतरतो आणि तिथे बॅटरी फक्त टिकवून धरतो, किंवा करंट बंद करून व्होल्टेज पडला तरच पुन्हा सुरू करतो. काही चार्जर मधे करंट तोडून थोडा वेळ नुसतं बघतात की व्होल्टेज टिकतो का घसरतो. त्या बघण्यातूनच "धरत नाही" असलेली बॅटरी उघडी पडते.

आणि एक घड्याळही आत चालू असतं. ठरावीक तास झाले तरी पहिला टप्पा संपत नसेल तर काहीतरी बिघडलंय असं मानून चार्जर ती बँक बंद करतो. सेल शॉर्ट झालेली बॅटरी कधीच भरत नाही, नुसती तापत जाते. हे घड्याळ नसतं तर ती रात्रभर तापत राहिली असती.

विकत घेताना

सगळ्यात आधी मागचं लेबल वाचा. बाहेरून मागवलेले, बोटींसाठी बनवलेले काही चार्जर फक्त १२० व्होल्टचे असतात. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. १२० चा डबा आपल्या प्लगात घातला तर तो जळतो. लेबलवर १०० ते २४० किंवा २२० ते २४० लिहिलेलं हवं. गावात रात्री व्होल्टेज चढतो-पडतो, म्हणून जितका रुंद पल्ला तितका बरा.

मग अॅम्पिअर. खोक्यावर मोठ्या अक्षरात "२० अॅम्पिअर" लिहिलेलं असतं, पण ते चारही बँकांचं मिळून असतं. एका बॅटरीच्या वाट्याला पाचच येतात. काही मॉडेलांत एका बँकेला गरज नसेल तर तिचा वाटा दुसरीकडे वळतो, काहींत नाही. हे विचारून घ्या. पाण्याच्या बॅटरीला, म्हणजे झाकण उघडून पाणी घालायच्या बॅटरीला, तिच्या एएचच्या दहाव्या हिश्शाइतका करंट योग्य धरतात. ८० एएचच्या ट्रॅक्टर बॅटरीला आठ अॅम्पिअर छान, पाचही चालतील, वेळ तेवढा जास्त. पण पंपातल्या ८ एएचच्या सीलबंद बॅटरीवर पाच अॅम्पिअर सोडले तर ती फुगते. तिला एक, फार तर दीड अॅम्पिअरची सोय असलेली बँक हवी. सगळ्या बँका सारख्याच मोठ्या असलेला चार्जर शेतकऱ्याला बऱ्याचदा गैरसोयीचा पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे. कमी-जास्त करता येणारा घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

वेळेचा हिशोब असा: ८० एएचची बॅटरी अर्धी उतरली म्हणजे ४० एएच भरायचे. पाच अॅम्पिअरने आठ तास, आणि शेवटचा हिस्सा संथ भरतो म्हणून आणखी तीन-चार तास धरा. संध्याकाळी लावली तर सकाळी तयार.

तिसरी गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. ट्रक-टिपरसारख्या २४ व्होल्टच्या गाडीत दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या असतात. बँका आतून एकमेकींपासून खरोखर वेगळ्या असतील तर ती जोडणी न सोडता दोन्ही बॅटऱ्या चार्ज करता येतात. पण स्वस्त चार्जरमध्ये सगळ्या काळ्या वायरी आत एकत्र बांधलेल्या असतात. तो तसा लावला तर एक बॅटरी सरळ शॉर्ट होते आणि वायर पेटू शकते. तपासायला सोपं आहे: प्लग काढून मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि दोन बँकांच्या काळ्या क्लिपांना लावा. बीप वाजली तर बॅटऱ्या सुट्या केल्याशिवाय तो वापरायचा नाही.

जागा आणि पहिली जोडणी

चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. म्हणून गवताच्या गंजीजवळ, चुलीजवळ, डिझेलच्या कॅनपाशी किंवा दार बंद करून कोठीत चार्जिंग नको. छप्पर असलेली, दोन बाजूंनी मोकळी जागा उत्तम. जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस आडवा येतो, तेव्हा चार्जर भिंतीवर छातीच्या उंचीला बसवा. जमिनीवर ठेवलेल्या डब्याच्या वायरी उंदीर कुरतडतात हेही लक्षात असू द्या. तीन पिनांचा प्लग आणि खरं अर्थिंग हवंच. तिसरी पिन मोडून वापरायची सवय या यंत्रापुरती तरी सोडा.

बॅटरी जवळ आणली की टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासा, पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. हात धुवा, चष्मा असेल तर लावा. मळलेल्या टर्मिनलमुळे चार्जरला खरा व्होल्टेज दिसत नाही. बॅटरी उतरलेली असतानाही तो भरली समजून थांबतो. असं होऊन बऱ्याच चांगल्या बॅटऱ्या भंगारात गेल्या आहेत.

पाण्याची बॅटरी असेल तर पातळी बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर आधी घाला; खुणेपर्यंतचं बाकीचं पाणी चार्जिंग झाल्यावर घाला. आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना अॅसिड बाहेर येतं. बोअरचं पाणी नको, आरओचंही नको, त्यात क्षार राहतातच. अॅसिड तर कधीच घालायचं नाही.

झटका मशीनची बॅटरी चार्ज करताना मशीन सोडवूनच आणा. कुंपणाला जोडलेली मशीन बॅटरीवर असताना तीच बॅटरी घरच्या विजेच्या चार्जरला लावणं धोक्याचं आहे. शक्यतो दोन बॅटऱ्या ठेवा, एक कुंपणावर, एक चार्जरवर.

इन्व्हर्टरच्या बॅटरीला इन्व्हर्टर स्वतःच चार्ज करतो. तिला वरून हा चार्जर लावायचा नाही.

आता बटण दाबायच्या आधी

प्रत्येक बँकेला तुम्ही सांगायचं असतं की समोर कुठली बॅटरी आहे. चार्जर व्होल्टेज ओळखतो, जात ओळखत नाही. पाण्याची बॅटरी १४.४ ते १४.८ पर्यंत घेते. सीलबंद एजीएमला (हिच्यात अॅसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं) त्याच पट्ट्यात खालच्या बाजूला ठेवतात. जेलला (हिच्यात अॅसिड लापशीसारखं घट्ट असतं) १४.१ ते १४.४ च्या वर नको. काही चार्जरांत "दुरुस्ती" नावाचा टप्पा असतो, तो १५ व्होल्टच्या वर जाऊन सल्फेट फोडायचा प्रयत्न करतो. तो फक्त झाकणं उघडणाऱ्या पाण्याच्या बॅटरीसाठी, तेही तुम्ही जवळ असताना. सीलबंद बॅटरीत गॅस होऊन गेलेलं पाणी परत घालता येत नाही, ती त्यात संपते.

लिथियम फॉस्फेट बॅटरी असेल तर लिथियमचाच मोड हवा, दुरुस्तीचा टप्पा बंद हवा. पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी आतल्या संरक्षण सर्किटमुळे स्वतःला बंद करते आणि मीटरवर शून्य दाखवते. ती मेली असं समजून फेकू नका. लिथियम मोड असलेले बरेच चार्जर तिला जागी करू शकतात.

क्रम असा ठेवा: प्लग बाहेर, आधी लाल, मग काळा, मग प्लग. काढताना आधी प्लग, मग काळा, शेवटी लाल. कायमची वायर बसवणार असाल तर प्रत्येक लाल वायरीत बॅटरीजवळच फ्यूज घाला. चार्जरकडच्या टोकाला घातलेला फ्यूज मधली वायर वाचवत नाही.

लाल दिवा लागला तर

नवखा माणूस इथे घाबरतो किंवा चिडतो, आणि प्लग काढून पुन्हा-पुन्हा घालत राहतो. तसं करू नका. चार्जरने नकार दिला आहे, तर का दिला ते शोधायचं.

समजा तिसऱ्या बँकेवर झटका मशीनची बॅटरी आहे आणि काही वेळाने तिथे लाल दिवा आला, बाकी दोन हिरव्या. प्लग काढा, क्लिपा आणि टर्मिनल पुसून परत लावा. तरीही लाल? मग तीच बॅटरी पहिल्या बँकेवर लावा आणि चांगली बॅटरी तिसऱ्यावर. लाल दिवा बॅटरीबरोबर गेला तर दोष बॅटरीचा. तिसऱ्यावरच राहिला तर त्या बँकेची वायर, क्लिप किंवा फ्यूज बघा. ही अदलाबदल पाच मिनिटांची आहे आणि नव्या बॅटरीचा खर्च वाचवते.

दोष बॅटरीचा निघाला तर मल्टिमीटर काढा. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, प्रत्येक सुमारे २.१ व्होल्टचा. बरेच तास चार्ज होऊनही, सोडून ठेवल्यावर मीटर १०.५ च्या आसपासच थांबत असेल तर एक सेल गेला, हे जवळपास नक्की. पाण्याच्या बॅटरीत झाकणं उघडून बघा. चार्जिंगच्या शेवटी पाच सेलमध्ये बुडबुडे येतात आणि एक निवांत असतो, तोच मेलेला. हायड्रोमीटर, म्हणजे अॅसिडची घनता मोजायची नळी, असेल तर आणखी पक्कं. गाडीच्या पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत १.२६५ ते १.२८० दिसतं, आणि एखादा सेल इतरांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तिच्यावर आणखी वीज जाळण्यात अर्थ नाही.

व्होल्टेज मोजायची वेळही महत्त्वाची. चार्जर काढल्या-काढल्या मोजलं तर सगळ्याच बॅटऱ्या तगड्या दिसतात. रात्रभर सोडून सकाळी मोजा. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ अर्धी, १२.० म्हणजे पाव राहिली, ११.८ म्हणजे रिकामी. हे आकडे छपराच्या दारावर खडूने लिहून ठेवा. १२.४ च्या खाली आलेली बॅटरी त्याच दिवशी चार्जरवर गेली पाहिजे, कारण खडे धरायला तिथून सुरुवात होते.

उन्हाळा, थंडी

बॅटरी तापलेली असेल तर तिला कमी व्होल्टेज पुरतो, गार असेल तर जास्त लागतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत दर अंशाला साधारण ०.०२ ते ०.०३ व्होल्टचा फरक. अथणी-रायबागकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीकडे जातो. २५ अंशांना १४.४ योग्य असेल तर ४० अंशांना १४ च्या जरा वरच थांबायला हवं. चांगला चार्जर हे स्वतः करतो. पण बऱ्याच मॉडेलांत तापमान मोजणारा सेन्सर चार्जरच्या डब्यातच असतो. चार्जर गार खोलीत आणि बॅटरी पत्र्याच्या छपराखाली ठेवून लांब वायर ओढली तर त्याला चुकीचं तापमान कळतं आणि तो बॅटरीला उकळवतो. दोघांना एकाच जागी ठेवा, वायर आखूड ठेवा. लांब वायरीत व्होल्टेजही मधेच पडतो. बेळगाव-खानापूरच्या थंडीत उलटं होतं: नुकसान भरकन दिसत नाही, पण बॅटरी रोज थोडी अपुरी राहते आणि सकाळी ट्रॅक्टर कुरकुरतो.

चार्ज होताना बॅटरीला हात लावून बघायची सवय ठेवा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल इतकी गरम झाली तर चार्जरचा दिवा काहीही म्हणो, प्लग काढा.

उभ्या बॅटऱ्यांचं वेळापत्रक

फवारणी संपली, मळणी झाली, ट्रॅक्टर छपराखाली गेला की बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून काळी वायर काढून ठेवा. चार्जर कायम लावून ठेवायचा असेल तर टिकवून धरणारा टप्पा असलेला हवा आणि पाण्याची पातळी महिन्याला बघायला हवी. घरात माणूस नसेल, वीज सारखी ये-जा करत असेल तर मी तो कायम लावून ठेवत नाही. महिन्यातून एक रात्र प्रत्येक बॅटरीला देणं मला जास्त सुरक्षित वाटतं. गणेशोत्सवात मंडळाला जनरेटर देणाऱ्यांनी तर आदल्या आठवड्यातच बॅटरी मोजावी, आदल्या रात्री नव्हे, कारण सल्फेट धरलेली बॅटरी एका रात्रीत वर येत नाही.

प्रत्येक बॅटरीवर खरेदीचा महिना आणि वर्ष रंगाने लिहा, आणि वहीत तारीख व सकाळचा व्होल्टेज. वॉरंटी मागायला गेलात तर ही वही कामी येते. आणि जी बॅटरी गेलीच, तिचं अॅसिड विहिरीकाठी किंवा गटारात ओतू नका; त्यात शिसं असतं. २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापरात घालायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. अख्खी बॅटरी विक्रेत्याकडे परत द्या. नवी घेताना जुनीचे पैसे वजा होतात, ते आधी ठरवून घ्या.